स्वल्पविरामानंतर कोण

बाई,

तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली. या वर्षांत तुमची रोज आठवण येत होती असं मी म्हणणार नाही, कारण तसं नव्हतं. आठवण आली ती तेलंगणातल्या आदिलाबादच्या कोर्टात, भर दुपारी, काम चालू असताना, एका इंग्रजी वाक्यामुळे. मी तिथं दुभाषी आहे. साक्षीदार मराठीत बोलतात, न्यायाधीश तेलुगू आणि इंग्रजीत ऐकतात, आणि दोघांच्या मधे मी उभी असते. ही नोकरी लागली तेव्हा तुम्ही आजारी होतात, त्यामुळे तुम्हाला ते कळलं की नाही ते मला ठाऊक नाही. कळलं असतं तर तुम्ही काय म्हणाला असता याचा अंदाज आहे. "बरं झालं" म्हणाला असता आणि लगेच विचारलं असतं, "उभं राहून काम हाय की बसून?"

आपली शाळा बोथच्या रस्त्यावरची, मराठी माध्यमाची. तुम्ही गुडीहत्नूरहून बसने यायच्या, पदर कमरेला खोचलेला, खांद्याला कापडी पिशवी. दहावीच्या वर्गात दोन वाक्यांचं एक वाक्य करायचा धडा होता. मी भिंतीवर बसले होते, बस आली, अशी दोन साधी वाक्यं, आणि ती जोडायची. मला ते फारच सोपं वाटलं. मी उभी राहून मोठ्यानं वाचलं, "सिटिंग ऑन द वॉल, द बस केम." तुम्ही हसला नाहीत. वर्गही हसला नाही, कारण हसण्यासारखं काय आहे हे आमच्यापैकी कोणालाच कळलं नव्हतं. तुम्ही माझ्या बाकाजवळ आलात, माझ्या वहीतल्या स्वल्पविरामावर बोट ठेवलंत आणि विचारलंत, "भिंतीवर कोण बसलं होतं?"

"मी, बाई."

"मग या वाक्यात तू कुठं हायेस?"

मी वाक्य पुन्हा वाचलं. त्यात मी कुठंच नव्हते. तुम्ही म्हणालात, "स्वल्पविरामाच्या पलीकडं जो पहिला भेटते, आधीचं काम त्याच्या माथी जाते. इथं बस भेटली. म्हंजे बस भिंतीवर बसली होती." तेव्हा वर्ग हसला. मला राग आला. मी म्हटलं, मराठीत तर चालतं, भिंतीवर बसले असताना बस आली असं आपण म्हणतोच, आणि समजणाऱ्याला बरोबर समजतं. तुमचा चेहरा कडक झाला. "समजणाऱ्यासाठी कोणी लिहीत नसते," तुम्ही म्हणालात. "तुले जो वळखत नाही, त्याच्यासाठी लिहायचं असते. बस खाली." मराठीत का चालतं, याचं उत्तर मात्र तुम्ही दिलं नाहीत. ते उद्या सांगते म्हणालात, आणि मला वाटलं विसराल.

दुसऱ्या दिवशी तुम्ही फळ्यावर मराठीच लिहिलंत. 'कापूस वेचता वेचता सूर्य मावळला.' त्याखाली, 'कापूस वेचून सूर्य मावळला.' आम्ही सगळे कापूस वेचणाऱ्यांच्या घरचे. दुसरं वाक्य वाचल्याबरोबर सगळ्यांना कळलं की सूर्याला कामाला लावलं आहे. तुम्ही म्हणालात, आपल्या मराठीतही एक रूप कडक आहे आणि एक मोकळं आहे. 'वेचून' म्हटलं की वेचणारा आणि पुढचं काम करणारा एकच लागतो. 'वेचता वेचता' म्हटलं की पुढं कोणीही येऊ शकतं. इंग्रजीतलं ते रूप आपल्या 'वेचून'सारखं कडक आहे, एवढं लक्षात ठेवा, बाकी काही पाठ करू नका. मग तुम्ही मामाचं वाक्य दिलंत, 'टाइड टु द पोल, माय अंकल मिल्क्ड द बफेलो,' आणि विचारलंत की खांबाला कोण बांधलंय. तास संपेपर्यंत आम्ही मामाला सोडवत होतो आणि म्हशीला बांधत होतो. मी आज माझ्या ऑफिसातल्या मुलींना हे समजावते तेव्हा व्याकरणाचे शब्द वापरते. तुम्ही ते कधी वापरल्याचं मला आठवत नाही.

परीक्षेच्या आधी रविवारी तुम्ही मला घरी बोलवायच्या. विहारातून वंदना आटोपून मी सरळ गुडीहत्नूरला तुमच्याकडे यायची. तुमचं स्वयंपाकघर म्हणजे एक खोलीच, दारातून उजेड येईल तेवढाच. तुम्ही ज्वारीची भाकर थापत असता, मी पाटावर बसून वाक्यं सोडवते आहे, चुलीवर अंबाडीची भाजी शिजते आहे आणि तिचा आंबट वास डोळ्यांपर्यंत येतो आहे. तुम्ही वहीकडे न बघता ऐकता. मी चुकले की थापणं थांबतं, एवढीच खूण. अशाच एका रविवारी तुम्ही स्वतःच्या शाळेबद्दल बोललात. तुमचे आईवडील दुसऱ्यांच्या शेतात मजुरीला जायचे आणि तुमच्या घरातून शाळेत जाणाऱ्या तुम्ही पहिल्या, हे मला माहीत होतं. तुम्ही म्हणालात, "आमाले मागं बसवत. पाणीबी वरून देत."

मला तुमचीच सवय लागली होती. मी विचारलं, "कोण, बाई?"

तुम्ही भाकर तव्यावर टाकली, पाण्याचा हात फिरवला, उलटली. बराच वेळ त्या भाकरीकडेच बघत होतात. मग ती माझ्या ताटात टाकून म्हणालात, "खा. गार होते." मला तेव्हा वाटलं तुम्हाला ऐकू आलं नाही. तसं नव्हतं हे मला फार पुढं कळलं. ते लोक अजून त्याच भागात होते, त्यांची मुलं तुमच्या वर्गात होती, त्यातली एक माझ्या शेजारी बसायची.

दहावीनंतर मी आदिलाबादला कॉलेजला निघाले तेव्हा तुम्ही बसथांब्यावर आलात. त्या वेळी थंडी नव्हती, पण तुम्ही तुमचा मरून स्वेटर आणला होता. आदिलाबादची थंडी बाहेरच्यांना खरी वाटत नाही, तुम्ही तिथं बीएड करताना ती सोसली होती. "बाह्या लांब हायेत, दुमडून घे," म्हणालात. कोपरावर शाईचा डाग होता. मी तो स्वेटर पुष्कळ वर्षं वापरला, मग तो बहिणीकडे गेला, मग कुठं गेला ते माहीत नाही.

आता कोर्टातलं सांगते. त्यासाठीच लिहायला बसले आहे.

ते अपघाताच्या नुकसानभरपाईचं प्रकरण होतं. गुडीहत्नूरला हायवेवर एक माणूस रस्ता ओलांडत होता, पिकअप गाडीनं त्याला उडवलं आणि तो जागीच गेला. वेल्डिंगच्या दुकानात कामाला होता. त्याची बायको रस्त्याच्या पलीकडे आठवडी बाजाराची पिशवी घेऊन उभी होती, तिच्या डोळ्यांसमोर झालं. साक्षीदार ती एकटीच. दुसरं कोणी पुढं आलं नाही. तिच्या नावानं वकिलांनी इंग्रजीत अ‍ॅफिडेव्हिट दाखल केलं होतं आणि त्या दिवशीच्या पेशीला, म्हणजे सुनावणीला, तिची उलटतपासणी होती. तिला तेलुगू बाजारापुरतं येतं, इंग्रजी येत नाही, म्हणून मला बोलावलं. मी तिला पहिल्यांदा पाहिलं ते तिथंच. तिशीतली बाई, शेतमजुरी करणारी, पायात नवीन चपला, बहुधा कोर्टासाठी घेतलेल्या, कारण त्या तिला लागत होत्या आणि ती सारखा पाय बदलत होती.

विमा कंपनीच्या वकिलांनी अ‍ॅफिडेव्हिटमधलं एक वाक्य वाचलं. 'टॉकिंग ऑन द मोबाईल, द पिकअप हिट माय हजबंड.' बाई, मी ते ऐकलं आणि माझं बोट टेबलावर आपोआप थांबलं. तुमच्या हिशेबानं त्या वाक्यात पिकअप मोबाईलवर बोलत होती. वकील म्हणाले, गाडी बोलत नसते हे उघड आहे, या वाक्यात माणूस एकच आहे आणि तो म्हणजे हिचा नवरा, म्हणजे फोनवर बोलत तोच रस्त्यात शिरला आणि चूक त्याचीच. तिचे वकील उठले. पिकअप म्हणजे पिकअपचा ड्रायव्हर, ते म्हणाले, कोणालाही हेच समजेल. दोघांनी ते वाक्य आपापल्या बाजूनं परत परत वाचलं. ती बाई एकदा याच्याकडे आणि एकदा त्याच्याकडे बघत होती. आपल्याच नावावरचं वाक्य आहे, हे तिला माहीत होतं. त्यात काय आहे ते माहीत नव्हतं.

न्यायाधीश कंटाळले. त्यांनी चष्मा काढला, हातानं दोघांना बसवलं आणि मला तेलुगूत म्हणाले, "मीरू अडगंडी." तुम्हीच विचारा.

मी विचारलं. जसं तुम्ही विचारायच्या तसंच, आवाज न चढवता. "मोबाईलवर कोण बोलत होतं?"

 तिच्या वकिलांनी तिच्याकडे पाहिलं ते मी पाहिलं. तिनं मात्र माझ्याकडे पाहिलं, कारण तिला तिच्या भाषेत विचारणारी तिथं मी एकटीच होते.

"दोघंबी," ती म्हणाली.

मी भाषांतर केलं. तो एक शब्दच होता, त्यात माझ्या हातात काहीच नव्हतं. मग ती न विचारता पुढं बोलली. "त्या ड्रायव्हरच्या कानालेबी फोन होता. गाडी थांबल्यावरबी तो बोलूनच राह्यला होता, म्या पाह्यलं. आन् हे माह्यासंग बोलून राह्यले होते. म्याच फोन लावला होता. म्हटलं, तिकडं काऊन उभे हाये, इकडं या, बस इकडंच थांबते."

 टायपिस्ट माझ्या वाक्याची वाट बघत होता. मी इंग्रजीत तिच्याच शब्दांत सांगितलं की माझा नवरा रस्ता ओलांडताना माझ्याशी मोबाईलवर बोलत होता, त्याला फोन मी केला होता, आणि पिकअपचा ड्रायव्हरही मोबाईलवर बोलत होता. 'माय हजबंड, क्रॉसिंग द रोड, वॉज टॉकिंग टु मी.' कृदंत जिथं पाहिजे तिथं, ज्याचं त्याच्या शेजारी. कोणालाही त्यात दुसरा अर्थ काढता येणार नाही. टायपिस्टनं ते घेतलं, न्यायाधीशांनी तिला वाचून दाखवायला सांगितलं, मी मराठीत वाचून दाखवलं, आणि तिनं दस्तखत केली. 

बाहेर व्हरांड्यात तिचे वकील मला भेटले. रागावलेले नव्हते, थकलेले होते. "मॅडम," ते म्हणाले, "ते वाक्य मला लिहिता येत नाही म्हणून तसं नव्हतं. मी ते तसंच ठेवलं होतं."

मी म्हटलं, "साहेबांनी विचारायला सांगितलं."

"हो," ते म्हणाले. "सांगितलंच." आणि पुढच्या कोर्टात गेले.

मी तिथंच उभी राहिले. इतकी वर्षं मी अशी वाक्यं पाहत आले आहे, पोलिसांच्या पंचनाम्यात, डॉक्टरांच्या दाखल्यात, अर्जांत. प्रत्येक वेळी मला वाटायचं की लिहिणाऱ्याला कोणी बाईंसारखं शिकवलं नाही. एखाद्याला सगळं येत असेल आणि तरी त्यानं कर्ता मुद्दाम बाहेर ठेवला असेल, असं कधी मनात आलं नव्हतं. तेव्हा मला तुमची भाकर आठवली, आणि तुम्ही ती किती वेळ भाजत होतात तेही.

निकाल पुढं लागला. न्यायाधीशांनी लिहिलं की नवऱ्याचीही काही चूक होती, म्हणून भरपाईतला काही भाग कमी केला. पण त्यांनी हेही लिहिलं की साक्षीदारानं स्वतःच्या विरुद्ध जाणारी गोष्ट लपवली नाही, म्हणून ड्रायव्हरच्या फोनबद्दलचं तिचं म्हणणं खरं धरावं. विमा कंपनी सगळंच नाकारत होती, ते झालं नाही. वकिलांच्या मनात होतं तेवढं मिळालं नाही. कागदावर पाहिलं तर ही चांगली गोष्ट आहे, आणि ऑफिसात एक-दोघांनी मला तसं म्हटलंही. मी मान हलवली.

त्यानंतर एकदा गावाकडे जाताना मी गुडीहत्नूरला उतरले होते. ती बसथांब्यावर होती, कापसाच्या शेतातून परत आलेली, डोक्याला फडकं बांधलेलं, हातात विळा. मी तिला ओळखलं, पण बोलावं की नाही हे ठरेना. तीच पुढं आली.

"तुमी त्या कोर्टातल्या मॅडम न?"

मी हो म्हटलं. कशा आहात म्हणून विचारलं. बरी आहे म्हणाली. पोरगी शाळेत जाते, घरावर पत्रे टाकले. मग ती फडकं सोडून पुन्हा बांधू लागली आणि बांधता बांधता म्हणाली, "सासू बोलत नाही आता माह्याशी. फोन म्या केला होता हे तिले ठाऊक नव्हतं. दीर होता न तिथं, मागं बसून. त्यानं घरी सांगितलं."

तिनं फडक्याची गाठ मारली. ती म्हणाली, "तुमी काऊन इचारलं, असं नाही म्हणत मी. तुमचं ते कामच हाय." तिच्या आवाजात राग नव्हता, समजूत घालणंही नव्हतं. एखादी गोष्ट कुठं ठेवली आहे ते सांगावं तसं ती सांगत होती. "मले एक इचारायचं होतं. त्या कागदात इंग्रजीत माह्यं हाय काय? म्या फोन केला ते?"

"हाय," मी म्हटलं. कोर्टात मी शुद्ध बोलते, तिथं आपोआप आपली बोली आली.

"पुसता नाही येत काय ते?"

"नाही."

तिनं मान डोलावली. तिला हेच उत्तर अपेक्षित असावं. तिची बस आली, गर्दी होती, बायका विळे पदरात गुंडाळून चढत होत्या. तीही चढली. खिडकीची जागा मिळाली नाही, त्यामुळे ती मला पुन्हा दिसली नाही.

बाई, मी तुम्हाला दोष देत नाही, आणि माझं काही चुकलं असंही मला वाटत नाही. तो प्रश्न मी विचारला नसता तर दुसऱ्या कोणी विचारला असता, अधिक वाईट तऱ्हेनं. तिचं म्हणणं तिच्या तोंडून नीट कागदावर जावं, एवढंच माझं काम आणि ते तसं गेलं. तुम्ही म्हणाला होतात की ओळख नसलेल्यासाठी लिहायचं असतं. त्या न्यायाधीशांची तिच्याशी ओळख नव्हती, माझं वाक्य त्यांना कळलं. पण तेच वाक्य तिच्या दिराच्या कानांतून घरी गेलं, आणि तिथं सगळे तिला ओळखणारे होते. त्यांच्यासाठी कसं लिहायचं, हे तुम्ही शिकवलं नाहीत. कदाचित तुम्हाला ते येत होतं आणि तुम्ही मला ते त्या स्वयंपाकघरात दाखवलंही, पण ते वहीत उतरवून घेण्यासारखं नव्हतं. अजून पाच-सात वर्षं तुम्ही असतात तर मी येऊन विचारलं असतं. माझ्या प्रश्नाला तुम्ही उत्तर दिलंच असतं असं मात्र नाही.

तुमच्या त्या खोलीत आता दुसरे लोक राहतात, हे मी जाऊन पाहिलं. त्यामुळे हे पत्र टाकायला जागा नाही, आणि असती तरी मी टाकलं नसतं. एक गोष्ट तेवढी लिहून ठेवते, कारण ती ऑफिसात कोणाजवळ बोलण्यासारखी नाही. ती दोन्ही वाक्यं मला पाठ झाली आहेत, वकिलांचं आणि माझं. माझं बरोबर आहे, तुम्ही त्यावर लाल खूण केली नसती. पण कधी घरी येताना बसमध्ये ती आठवतात, तेव्हा मी मनात वकिलांचंच म्हणते. त्यात कोणी कोणाला फोन केलेला नसतो.